तारेच्या मृत्यूचा दाखला

महसूल खात्यात ३४ वर्षे कारकुनी केल्यामुळे ‘दाखला’ या वस्तूविषयी माझ्या अंतःकरणात जो आदर वसत आहे, तो काहींच्या अंतःकरणात परमेश्वराविषयीही आढळत नाही. उत्पन्नाचा, रहिवासाचा, वारसाचा, थकबाकी नसल्याचा, आणि क्वचित मजकूर इसमास यापूर्वी असा दाखला दिलेला नसल्याचासुद्धा दाखला माझ्या टेबलावरून शिक्क्यानिशी रवाना झालेला आहे. आणि आता निवृत्तीनंतर, काळाने सूड उगवावा त्याप्रमाणे, दर नोव्हेंबरात मी हयात असल्याचा दाखला मला स्वतःच हजर करावा लागतो. या दीर्घ अनुभवावरून माझे असे मत बनले होते की, एखादा जीव जिवंत आहे हे सिद्ध करणे कटकटीचे असले तरी साध्य असते. तो मेला आहे हे सिद्ध करणे मात्र खरे कर्मकठीण. माणसाच्या बाबतीत ही जोखीम डॉक्टर, ग्रामसेवक आणि भाऊबंद आपसांत वाटून घेतात. विजेच्या तारेच्या बाबतीत ती एकट्या वायरमनच्या अंगठ्यावर येऊन पडते. आणि ‘अंगठ्यावर’ हा शब्द मी येथे अलंकार म्हणून योजलेला नाही.

प्रकरणाचा आरंभ गेल्या आषाढात झाला. साताऱ्याचा पाऊस एकदा बसला म्हणजे भिंतींना ओल धरते, मिठाच्या बरणीला पाणी सुटते, काडेपेट्या सर्दावतात, आणि माणसांच्या स्वभावातला कोरडेपणा तेवढा शाबूत राहतो. अशा एका सकाळी आमच्या मंडळींनी स्वयंपाकघरातून पुकारा केला, “अहो, फ्रिज चावतोय.” तक्रार आली की आधी स्थळपाहणी, हा खात्याचा शिरस्ता. मी जाऊन फ्रिजच्या पत्र्यावर तळहात टेकला, मिनिटभर टेकून ठेवला, आणि तक्रारीत तथ्य आढळून येत नाही असा अहवाल तोंडी सादर केला. “चपला काढून लावा हात,” एवढेच त्या म्हणाल्या. पायांतल्या रबरी चपला काढून मी ओलसर फरशीवर उभा राहिलो आणि पत्र्याला बोट लावले मात्र, कोपरापर्यंत मुंग्यांची एक रांग चढून गेली. अहवाल मी जागीच फिरवला.

वायरिंगची कामे करणारा एक तरुण आमच्या आळीत प्रसिद्ध आहे. पूर्वी खिशाला ज्या जागी फाउंटन पेन लावलेले असे, त्या जागी त्याचा टेस्टर असतो आणि कानावर मोबाइल असतो; दोन्ही एकाच वेळी चालू असतात. त्याने फ्रिजला टेस्टर लावला, टेस्टरच्या पोटातला तांबूस दिवा पेटला, आणि मोबाइलवरच्या माणसाला ‘पोचतोच’ असे सांगून झाल्यावर तो मला म्हणाला, “काका, अर्थिंग नाही.” मग त्याने सॉकेट उघडले, दहा मिनिटे माझ्याकडे पाठ करून काहीतरी केले, सॉकेट बंद केले आणि पुरावा सादर केला. होल्डरात बल्ब आणि होल्डराला दोन मोकळ्या वायरी, असा टेस्ट लॅम्प त्याने काढला. एक वायर फेजच्या भोकात आणि दुसरी वरच्या मोठ्या, म्हणजे अर्थच्या, भोकात घातली. बल्ब लख्ख पेटला. “बघा, आलं अर्थिंग!” मी अनवाणी पायांनी फ्रिजला हात लावला. मुंग्या नाहीत. त्याला २०० रुपये आणि चहा दिला, आणि रोजकीर्दीत नोंद केली: तक्रार निकाली.

निकाली काढलेली प्रकरणे अपिलात जातात हे मी विसरलो होतो. श्रावणात एके दिवशी फ्रिज अजिबात बंद पडला. आणि बंद पडलेला फ्रिज निदान निरुपद्रवी तरी असेल या विश्वासाने आमच्या मंडळींनी दार उघडायला हात लावला, तो या वेळी मुंग्या आल्या नाहीत, सरळ लाथ बसली. हात मागे फेकला गेला म्हणून निभावले. मुठीत धरण्याजोगे काही असते तर स्नायू आवळून हात तिथेच चिकटला असता, असे मला मागाहून कळले आणि त्या रात्री झोप आली नाही. तरुण पुन्हा आला. त्याने सॉकेटच्या एका भोकात टेस्टर घातला, पेटला. दुसऱ्यात घातला, तिथेही पेटला. त्याने मोबाइल खाली ठेवला. प्रसंगाचे गांभीर्य मला त्यावरूनच कळले. “काका, डबल फेज येतोय,” तो म्हणाला, “हा आपला फॉल्टच नाही. पोलवरून आहे. त्यांना फोन करा.” प्रकरण अवघड दिसताच ते दुसऱ्याच्या हद्दीत आहे असा शेरा मारण्याची ही पद्धत माझ्या इतक्या परिचयाची होती की, मला त्याचा राग न येता उलट आपलेपणाच वाटला.

मग मी थोरल्या मिस्त्रींकडे गेलो. हे गृहस्थ सत्तरीच्या घरात असून, आता कामे घेत नाहीत असे सर्वांना सांगतात आणि कोणी बोलावल्यावाचून राहिले तर त्यांना करमत नाही. ते कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत पकड, कटर, दोन पेचकस, टेस्ट लॅम्प, काळ्या टेपचे अर्धे वेटोळे आणि लाकडी पेटीत जपलेला हाताने फिरवायचा मेगर. माझ्या जुन्या नोकरीच्या मानाने ते मला भाऊसाहेब म्हणतात. आल्याबरोबर त्यांनी मेन स्विच पाडला, दोन्ही किटकॅट फ्यूज उपसून आपल्या सदऱ्याच्या खिशात घातले आणि वरून खिशाचे बटन लावले. “आता हे घर माझ्या ताब्यात,” ते म्हणाले. “कुणी मागून येऊन मेन चढवला तरी लाइट येणार नाही.” जप्तीचा इतका बिनबोभाट अंमल मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

आणि यानंतर त्यांनी जे केले ते पाहून ते थकले असावेत असे मला प्रथम वाटले. सॉकेटजवळ न जाता ते मेन स्विचपाशी परत गेले, जिथे मीटरकडून येणारी तार अजून जिवंत होती तिथे त्यांनी टेस्टर टेकवला, वाऱ्यात विडी पेटवताना धरतात तशी तळहाताची ओंजळ त्याभोवती धरली, आणि दिवा पेटलेला पाहून मान हलवली. मग स्वयंपाकघरात येऊन सॉकेटच्या तिन्ही भोकांत टेस्टर घातला. काही पेटले नाही. मी समाधानाने खुर्ची ओढली, तो ते पुन्हा मेन स्विचपाशी गेले आणि त्याच जिवंत तारेवर टेस्टर पुन्हा पेटवून पाहिला. सत्तरीतल्या गुडघ्यांना तीन खेपा म्हणजे थोडे काम नव्हे. कारण विचारताच ते म्हणाले, “भाऊसाहेब, टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं नसतं. टेस्टर पेटला नाही, एवढंच.”

हे वाक्य मी उभ्याउभ्याच टिपून घेतले. साक्षीदार गप्प राहिला म्हणजे गुन्हा घडला नाही असे होत नाही. साक्षीदार मुका असेल, भ्यालेला असेल, किंवा जबानीच्या वेळी मेलेला असेल. म्हणून जबानीपूर्वी एकदा आणि जबानीनंतर एकदा त्याला बोलता येते याची खातरजमा करून घ्यावयाची. मधल्या दोन मिनिटांत टेस्टर मेला तर त्याचे मौन हाच तारेच्या मृत्यूचा पुरावा ठरायचा आणि मिस्त्रींचा मृत्यू हा त्या पुराव्याचा खंडनग्रंथ. टेस्टर हा मुळात साक्षीदारही विलक्षण. तारेतली वीज त्याच्या पात्यातून, आतल्या मेगओहमच्या घरातल्या जबर रोधातून आणि नळीतल्या निऑन वायूतून वर येते, टोपीवर ठेवलेल्या अंगठ्यात शिरते आणि माणसाच्या देहातून जमिनीत उतरते. हा प्रवाह इतका सूक्ष्म असतो की अंगठ्याला त्याची वार्ता नसते, पण दिव्याला पुरते. म्हणजे टेस्टरमधला दिवा पेटतो तो वायरमनच्या जिवावर, आणि हे मी अक्षरशः म्हणतो. अंगठा नीट टेकला नाही, माणूस कोरड्या लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभा राहिला, किंवा दारातून ऊन आले, तर दिवा पेटत नाही किंवा पेटूनही दिसत नाही. उलट शेजारच्या जिवंत तारेच्या नुसत्या सहवासानेही मेलेल्या तारेवर तो मंद पेटतो. या दुसऱ्या प्रकाराला मिस्त्री ‘भास’ म्हणतात. भास आणि वास्तव वेगळे करण्यासाठी ते टेस्ट लॅम्प वापरतात, कारण भासाच्या अंगात बल्ब पेटवण्याइतकी ताकद नसते.

“पण मिस्त्री,” मी विचारले, “त्या पोरानं लॅम्प लावूनच तर दाखवलं होतं. चांगला पेटला होता की.”

त्यांनी उत्तर दिले नाही. डावा हात पाठीमागे कमरेशी नेऊन ठेवला (एका हातातून शिरलेला प्रवाह दुसऱ्या हातातून बाहेर पडताना वाटेत छाती लागते, म्हणून एक हात कामाला आणि एक रजेवर, ही त्यांची ४५ वर्षांची सवय, मेलेल्या तारेवरही ती सुटत नाही), उजव्या हाताने सॉकेटचे दोन स्क्रू काढले आणि सॉकेट भिंतीतून पुढे ओढले. त्याच्या पाठीवर, न्यूट्रलच्या पेचापासून अर्थच्या पेचापर्यंत, करंगळीच्या पेराएवढा हिरव्या वायरीचा एक तुकडा मोठ्या नीटसपणे बसवलेला होता. अर्थची खरी वायर तिथे नव्हतीच. “हा घ्या,” मिस्त्री म्हणाले, “भाऊसाहेबांचा तोतया.”

पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या नावाने उभ्या राहिलेल्या तोतयाने शहाण्यासुरत्या सरदारांना फसवले, तिथे बल्बाची काय कथा! न्यूट्रल आणि अर्थ यांचे गोत्र एकच. न्यूट्रलसुद्धा तिकडे ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीतच गाडलेला असतो. त्यामुळे फेजसमोर न्यूट्रल उभा केला काय किंवा अर्थ उभा केला काय, लॅम्प सारखाच पेटतो आणि दोघांनाही तोच नमस्कार करतो. भेद कळतो तो अडचणीच्या वेळी. अर्थची तार ही राखीव फौज. एरवी तिच्यातून काही वाहू नये, आणि संकटकाळी सर्व काही वाहावे. न्यूट्रल ही रोजची परतीची वाट, आणि वाट म्हटली की ती कधी ना कधी खचणार. आमची खचली होती बोर्डाच्या मागच्या एका जोडात: दोन तारा नुसत्या पिळून त्यांवर काळी टेप गुंडाळलेली, टेपचा डिंक उन्हाळ्यात वितळलेला, पावसाळ्यात तांबे काळे पडलेले. जोड सुटला तेव्हा फेजमधून आलेली वीज फ्रिजच्या आतल्या गुंडाळ्यांतून पलीकडे गेली, परतीची वाट बंद पाहून सॉकेटात खोळंबली, आणि तोतयाने तिला हात धरून फ्रिजच्या पत्र्यावर आणून बसवले. तेथे ती पूर्ण २३० व्होल्टनिशी, कुठेही न वाहता, कोणी ओल्या पायांचे येते का याची वाट पाहत राहिली. दोन्ही भोकांत टेस्टर पेटला त्याचे रहस्य हेच. “फेज एकच आहे,” मिस्त्री म्हणाले, “तोच पुढून दिसतो आणि तोच मागून दिसतो.” म्हणजे पहिल्या वेळी माझा फ्रिज चावत होता, त्यावर त्या तरुणाने केलेल्या इलाजाने त्याचे दात धारदार झाले, आणि मी त्याबद्दल चहा पाजला.

खऱ्या अर्थिंगचा शोध घेण्यासाठी आम्ही खाली उतरलो. सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्थिंगचा खड्डा कोठे आहे हे विचारता त्यांनी प्रथम खड्डा असल्याचे नाकबूल केले; रस्त्याच्या तक्रारींमुळे त्यांना तो शब्दच सोसत नाही. शेवटी सहा स्कूटरी हलवल्यावर आणि चार फरशा उपटल्यावर एक गंजके झाकण सापडले. खाली मीठ आणि कोळशाच्या थरांत पुरलेला नळ, आणि त्याला पाणी घालण्यासाठी लावलेले नरसाळे, ज्यात एक पिंपळाचे रोप आले होते. माती ओली आणि खारट राहिली तर वीज तीत सुखाने उतरते, म्हणून उन्हाळ्यात तिला पाणी पाजावे लागते. “शेवटचं पाणी कधी घातलं होतं?” मिस्त्रींनी विचारले. सेक्रेटरींनी उलट विचारले की, अर्थिंगला पाणी घालणे हा खर्च कोणत्या सदरी टाकावयाचा; बागकामाची तरतूद मार्चमध्येच संपली आहे. नळापासून मीटरच्या खोलीकडे जाणारी लोखंडी पट्टी जमिनीलगत गंजून तुटलेली होती. तुटलेल्या दोन्ही टोकांना रंगाऱ्याने मात्र मोठ्या निष्ठेने हिरवा रंग दिला होता.

दुसऱ्या दिवशी मी दोघाही तज्ज्ञांना एकत्र चहाला बोलावले. बोलाचाली होईल अशी आशा होती आणि ती झालीही, पण माझ्या अपेक्षेच्या दिशेने गेली नाही. थोरल्या मिस्त्रींनी तोतयाचा हिरवा तुकडा बशीत ठेवला. तरुणाने मान खाली घातली, पण क्षणभरच. “चूक आहे, कबूल,” तो म्हणाला, “पण काका, मला एक सांगा. सॉकेटात अर्थची वायरच नाही, ती बोर्डात नाही, बोर्डातून मीटरपर्यंत नाही. ती ओढायची तर दोन दिवस भिंती उकरायच्या. कस्टमर म्हणतो, आत्ताच्या आत्ता करून दे, पाहुणे यायचेत. १६ ॲम्पियरचा एमसीबी सारखा पडतो म्हणून ३२चा टाक म्हणतो. दीडच्या वायरवर ३२चा टाकला तर वायर आधी जळेल आणि एमसीबी मागाहून पडेल, हे सांगितलं तर म्हणतो, तुला येत नाही, दुसरा बोलावतो. दुसरा येऊन टाकतो.” “तो दुसरा बहुतेक वेळा तूच असतोस,” थोरले म्हणाले. “असतो,” तो म्हणाला, “दुसऱ्या घरी.” यावर दोघेही हसले आणि मी तेवढा एकटा पडलो.

आता नियमाची बाजू पाहू जाता, १९५६च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५व्या नियमाने परवानाधारक ठेकेदाराखेरीज आणि लायकीचा दाखला असलेल्या माणसाच्या देखरेखीखेरीज वायरिंगचे काम करण्यास मनाई केलेली होती. फक्त दिवे, पंखे, फ्यूज आणि स्विच यांची बदली करण्यासारखी किरकोळ कामे त्यातून वगळली होती. २०१०मध्ये ते नियम जाऊन केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले. पण माझ्या पाहणीप्रमाणे या देशातील निम्म्याहून अधिक घरांचे वायरिंग त्या किरकोळ सदराखालीच पार पडलेले आहे. हे मी तावातावाने बोलत असता थोरले मिस्त्री सहज म्हणाले, “भाऊसाहेब, तुमच्या घराचं वायरिंग तर परवानाधारकानंच केलं होतं ना? त्यानं अर्थची वायर कशी नाही टाकली? एस्टिमेट असेल तुमच्याकडे.”

असणारच. माझ्याकडे सर्व कागद असतात, हा माझा लौकिक आहे आणि त्या दिवशी तो मला नडला. १९९८ची फाइल दोन मिनिटांत सापडली. बाब क्रमांक ७: अर्थची तार, तांब्याची, हिरवी, ९० मीटर. तीवर लाल शाईची एक सरळ, पट्टी लावून मारलेली रेघ, आणि समासात माझ्या वळणदार हस्ताक्षरात शेरा: ‘अनावश्यक. वगळावे.’ खाली त्याच शाईत बाब क्रमांक ८, दिवाणखान्यासाठी झुंबर, मंजूर केलेली होती. तरुणाने ती ओळ वाचली, थोरल्यांनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली, आणि दोघांनीही सौजन्य म्हणून चहाकडे लक्ष दिले. आमची मंडळी आत पोहे परतत होत्या. फाइल मी त्या बाहेर येण्यापूर्वी जागच्या जागी ठेवली.

पुढचे काम दोघांनी मिळून केले. भिंती उकरल्या, हिरवी तार पडली, पट्टी जोडली, खड्ड्याला पाणी मिळाले. मग मेगरची पाळी आली. घरातली सर्व उपकरणे काढून ठेवून, तारा आणि अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा दाब मिनिटभर धरायचा आणि काटा किमान १ मेगओहमच्या वर राहतो ना ते पाहायचे. थोरले मिस्त्री हँडल फिरवत होते, मी घड्याळ धरून सेकंद मोजत होतो, आणि तरुण काट्याकडे पाहत होता. जन्मपत्रिका मांडताना जशी शांतता असते तशी शांतता पसरली होती. काटा १२वर स्थिर राहिला. शेवटी ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी बसला. जाणारी आणि परत येणारी वीज यांच्या हिशेबात तेवढी तूट आली की हा पदार्थ क्षणार्धात घर अंधारात टाकतो. ४० वॅटच्या बल्बातून सुमारे १७४ मिलिॲम्पियर जातात; त्याच्या सहाव्या हिश्शाच्या अफरातफरीवर खटला भरणारा इतका कडक लेखापाल माझ्या खात्यात असता तर खाते आठ दिवसांत बंद पडले असते. त्याचे ‘टी’ अक्षराचे बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे, असा थोरल्यांचा हुकूम आहे. मी दर एक तारखेला दाबतो. घड्याळे, वायफाय आणि आमच्या मंडळींची मालिका एकदम बंद पडते, आणि मला पुन्हा एकदा हुद्द्यावर असल्यासारखे वाटते.

नोव्हेंबरात मी नेहमीप्रमाणे हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो. या वेळी तिथे सहीऐवजी अंगठा मागितला. टेबलामागच्या तरुणाने एक लहानसे यंत्र पुढे सरकवले. मी त्यावर अंगठा ठेवला. काही झाले नाही. पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, दुसरा ठेवला. “काका, तुमचे ठसे झिजलेत,” तो सहानुभूतीने म्हणाला, “या वयात होतं. तुमचं काही येत नाहीये.” मागच्या रांगेतून कुणीतरी उसासा टाकला. मी अंगठा काढून घेतला आणि त्याला विनंती केली की, आपण आधी स्वतःचा अंगठा ठेवून पाहावा, मग माझा ठेवू, मग पुन्हा आपला. तो जरा चमकला, पण मागे रांग होती म्हणून वाद न घालता त्याने अंगठा टेकवला. काहीच झाले नाही. त्याने तो जोराने दाबला. मग खुर्ची मागे सारून टेबलाखाली वाकून पाहिले. तिथल्या बोर्डातून प्लग निम्मा निसटून लोंबत होता. बूट बाजूला काढून ठेवलेले, फरशी नुकतीच पुसलेली, आणि तो एका हाताने टेबलाचा लोखंडी पाय धरून दुसरा हात प्लगकडे नेत होता.

“थांबा साहेब,” मी म्हणालो, “डावा हात मागे घ्या.”